कुठून बसलात, कुठे उतरणार?

नाशिकहून पुण्याला थेट रेल्वेमार्ग आजही नाही. कल्याणवरून नाहीतर मनमाडवरून वळसा घालायचा, किंवा मुकाट्याने एसटीत बसायचं. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण. कंडक्टर मशीन घेऊन येतो आणि विचारतो, ‘कुठून?’ मग ‘कुठे?’ या दोन प्रश्नांत मुलखाचं अर्थशास्त्र दडलेलं असतं. ते ओळखणारा माणूस नाशिकमध्येच जन्मला होता.

धनंजय रामचंद्र गाडगीळ. जन्म १० एप्रिल १९०१. बालपण नागपुरात, शिक्षण केंब्रिजला. भारतातल्या उद्योगांच्या वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासाला वापरला. काही काळ मुंबई सरकारची नोकरी, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद. १९३०मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले, ते थेट १९६६पर्यंत.

संचालक म्हणजे खुर्चीत बसून सिद्धांत मांडणारा, असं इथे नव्हतं. संस्थेची सुरुवातीची कामं बघा. १९३३मध्ये पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी, १९३५मध्ये ल. वि. गोगटे यांच्यासोबत मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी, १९४०मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची. फळं, बस, शेत! आजच्या विद्यापीठात हे विषय घेऊन गेलात तर मार्गदर्शक जरा बिचकेलच.

बसची पाहणी झाली तो काळ मोठा गमतीचा होता. मोटार नवी होती, मालक खाजगी होते, नियम विस्कळीत होते. रेल्वेचं उत्पन्न मोटारी खातात या काळजीने सरकारने मिचेल आणि कर्कनेस यांच्याकडून १९३३मध्ये अहवाल करवून घेतला. दिल्लीला चिंता रुळांची होती, गाडगीळ मात्र रस्त्याकडे बघत होते. पुढे १९३९चा मोटार वाहन कायदा आला आणि १ जून १९४८ला नगर-पुणे मार्गावर सरकारी एसटी धावली. नाशिकच्या खेड्यापाड्यांत खाजगी काळी-पिवळी जीप अजून भरून जाते, म्हणजे खाजगी-सरकारी वाहतुकीचा हिशेब पुरता मिटलेला नाही.

संगमनेरहून पूर्वेला प्रवरेकाठी लोणी आहे. तिथल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढायचं ठरवलं, तेव्हा अध्यक्षपदी गाडगीळ बसले. १९५०-५१मध्ये गाळप सुरू झालं. पुस्तकातला अर्थतज्ज्ञ उसाच्या गाड्यांचा हिशेब बघायला बसला, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात देखणं दृश्य वाटतं.

१९६७मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची, हा तेव्हा दिल्लीच्या मर्जीचा मामला होता. गाडगीळ सूत्राने त्याला माप लावलं: लोकसंख्येला ६० टक्के, दरडोई उत्पन्नाची तूट, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. हे सगळं आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांचा वाटा आधी बाजूला काढून. लोकसंख्येला एवढं वजन दिल्याने मागास राज्यांवर अन्याय झाला, अशी टीका झाली; ती अगदीच चुकीची नव्हती.

१९६९मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने बँकांसाठी क्षेत्रनिहाय दृष्टी सुचवली. एका जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे देणारी अग्रणी बँक योजना त्यातूनच आली. नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला बँक ऑफ महाराष्ट्र आली. द्राक्षबागेच्या कर्जासाठी शाखेत बसलेल्या शेतकऱ्याला गाडगीळ माहीत असण्याचं काही कारण नाही.

१९७१मध्ये त्यांनी नियोजन मंडळ सोडलं. ३ मे रोजी, दिल्लीहून परतताना, आगगाडीतच त्यांचं निधन झालं.