अनुदान, मोबदला आणि हक्क : मुळशी तालुक्याच्या निमित्ताने

समाजकार्याच्या चर्चेत दान, देणगी आणि अनुदान हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. परंतु त्यांतील भेद लक्षात घेतल्यावाचून स्त्रिया, मुले व कुटुंबे यांच्यासाठी चालणाऱ्या कार्याचे खरे स्वरूप कळत नाही. दानात देणाऱ्याचा संबंध देण्याच्या क्षणीच संपतो. दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे न विचारणे हेच दानाचे भूषण मानले गेले आहे. देणगी ही संस्थेवरील विश्वासापोटी दिली जाते. अनुदान मात्र ठराविक कामासाठी, ठराविक मुदतीपर्यंत आणि ठराविक अटींवर दिले जाते, व त्याचा हिशेब मागितला जातो. आता हा हिशेब द्यावयाचा तो देणाऱ्याला. ज्या स्त्रीसाठी किंवा ज्या मुलासाठी अनुदान आले, त्यांना ते मागण्याचा अथवा ते बंद पडल्यास जाब विचारण्याचा अधिकार नसतो. अनुदान आणि हक्क यांतील अंतर ते हेच. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात गेल्या शंभर वर्षांत मोबदला, अनुदान आणि हक्क या तिन्ही गोष्टी एकाच भूमीवर अवतरल्या असल्यामुळे या अंतराचा विचार तेथे विशेष स्पष्टपणे करता येतो.

पुणे शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला हा तालुका एका अर्थी दोन तालुके आहेत. पूर्वेकडे हिंजवडी व माण येथील माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत आणि पिरंगुट परिसरातील कारखाने; पश्चिमेकडे मुळशीचा जलाशय, ताम्हिणी घाट, मुसळधार पावसाची भातखाचरे आणि डोंगरउतारावरील धनगरवाडे व कातकरी वाड्या. मधोमध पौड हे तालुक्याचे ठिकाण. पूर्वेकडील भागात पैसा निर्माण होतो. पश्चिमेकडील भागात त्याची गरज अधिक आहे. परंतु गरज आहे म्हणून पैसा तेथे पोचतोच असे नाही, आणि तो का पोचत नाही हे समजण्यासाठी प्रथम इतिहासाकडे वळले पाहिजे.

मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची टाटा कंपनीची योजना पहिल्या महायुद्धानंतर पुढे आली. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये कंपनीसाठी जमिनी ताब्यात घेण्याचे ठरविले. सुमारे पन्नास गावांवर तिचा परिणाम व्हावयाचा होता. १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांचे नेतृत्व त्यास लाभले. स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या व तुरुंगात गेल्या. १९२४ च्या अखेरीस चळवळ ओसरली, धरण पुरे झाले आणि त्याच्या पाण्यावर कोकणात भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो सविस्तर अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. बाधित जमिनीपैकी पुष्कळशी सावकारांच्या मालकीची होती. त्यांचा कल जमीन राखण्यापेक्षा चांगला मोबदला मिळविण्याकडे राहिला, आणि जमीन कसणारा मावळा एकाकी पडला.

याचे कारण मोबदल्याच्या स्वभावातच आहे. मोबदला मालकीला मिळतो. ज्याचे नाव दप्तरी आहे त्याला तो पोचतो. जो केवळ कसतो, जी लावणी-कापणी करते, जिचे सरपण, चारा आणि पाणी त्या खोऱ्यावर अवलंबून असते, तिची नोंद दप्तरात नसते. म्हणजे विस्थापनाचा भार संपूर्ण कुटुंबावर पडला तरी कायद्याच्या दृष्टीस पडला तो खातेदार. स्त्री, मूल, कूळ व मजूर हे त्या हिशेबाबाहेर राहिले. अनुदानाचे सामाजिक महत्त्व येथे प्रत्ययास येते. अनुदानाला खातेउतारा लागत नाही. दप्तराला जे माणूस दिसत नाही ते त्याला दिसू शकते. परंतु दुसरीकडे, मोबदला कितीही अपुरा असला तरी त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत होती. अनुदानासाठी तशी दाद कोठेच मागता येत नाही. एकाची दृष्टी अरुंद आहे, तर दुसऱ्याचा पाया डळमळीत आहे.

अनुदानाच्या या डळमळीतपणाचे पुणे जिल्ह्यातील सर्वांत बोधप्रद उदाहरण पंडिता रमाबाईंच्या संस्थेचे आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने त्यांच्या विधवाशाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले, व शाळा कोणत्याही धर्मपंथाची असू नये ही त्यामागील भूमिका होती. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींची सल्लागार समिती बाजूस झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्या वादाचा निवाडा हा प्रस्तुत विषय नव्हे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, देणारे परदेशी, देखरेख करणारे पुणेकर आणि चालविणारी एकटी स्त्री अशा तिघांच्या अपेक्षा भिन्न असताना त्या ओढाताणीचा फटका प्रत्यक्षात मुलींना बसला. रमाबाईंची दूरदृष्टी दिसते ती दुसऱ्या गोष्टीत. दहा वर्षांची मुदत संपणार हे जाणून त्यांनी केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणल्या व फळबाग लावली, ती अशासाठी की साहाय्य थांबले तरी संस्थेस स्वतःचे उत्पन्न असावे. अनुदान चालू असतानाच त्याच्या शेवटाची तयारी करणे हा धडा त्यातून मिळतो.

स्वातंत्र्यानंतर अनुदानाचा मुख्य दाता शासन झाले. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना त्याच्यामार्फत साहाय्य मिळू लागले. हे मंडळ आता अस्तित्वात नाही. परंतु त्याच काळात महाराष्ट्रात एक वेगळा प्रवाह आकार घेत होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे प्रयोग केले. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना रूढ झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पुढे राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाची बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा कायदेशीर हक्क दिला. काही लोकांच्या कळकळीवर चाललेला प्रयोग प्रथम योजना झाला व मग हक्क झाला. अनुदानाची याहून मोठी सफलता कल्पिता येणार नाही.

अन्नसुरक्षेचा हा कायदा २०१३ चा. योगायोगाने त्याच वर्षी संसदेने आणखी दोन कायदे संमत केले, आणि मुळशीच्या दृष्टीने हे तिन्ही एकत्र वाचण्यासारखे आहेत. भूसंपादन व पुनर्वसनाच्या नव्या कायद्याने 'बाधित कुटुंब' या संज्ञेत केवळ मालक न धरता त्या जमिनीवर उपजीविका करणारी कुळे व शेतमजूर यांचा समावेश केला. विधवा, घटस्फोटिता व परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब मानले. आणि खाजगी कंपनीसाठी संपादन असल्यास ८० टक्के बाधित भूधारक कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. १९२१ मध्ये दप्तराला जे दिसले नव्हते ते ९२ वर्षांनी कायद्याला दिसले. तिसरा कायदा कंपन्यांविषयीचा. त्याच्या कलम १३५ अन्वये ५०० कोटी रुपये नक्त मत्ता, १००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे कलम अमलात आले. स्त्री-पुरुष समानता, शिक्षण, कुपोषणनिवारण, स्त्रियांची व अनाथांची वसतिगृहे या बाबी त्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत.

पहिल्या दोन कायद्यांत आणि या तिसऱ्यात मूलभूत फरक आहे. आहार न मिळाल्यास मातेला तक्रार करता येते. पुनर्वसन न झाल्यास कुटुंबाला दाद मागता येते. कलम १३५ ने मात्र कंपनीवर कर्तव्य लादले, पण त्या कर्तव्याशी जोडलेला हक्क कोणत्याही व्यक्तीला दिला नाही. कोळवण खोऱ्यातील एखादी माता 'हे पैसे आमच्या वाडीला द्या' असे कायद्याने म्हणू शकत नाही. सक्तीचे झाले तरी ते अनुदानच राहिले.

त्याच्या वाटपाचे नियमही याच स्वरूपाचे आहेत. कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रास व त्याच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. हेतू स्तुत्य आहे. परंतु त्यामुळे पैशाची दिशा गरजेपेक्षा कारखान्याच्या व कचेरीच्या जागेवरून ठरू लागते. देशात अशा निधीचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रास मिळतो, याचेही एक कारण हेच. तालुक्याच्या पातळीवर हाच न्याय लावल्यास हिंजवडी-पिरंगुटच्या परिघातील गाव निधीच्या जवळ येते आणि घाटमाथ्यावरील वाडी दूर राहते. चालू प्रकल्पासाठी आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांची कमाल मुदत आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीस निधी देण्यास मनाई केली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या शहरी संस्थेच्या आधाराने उभ्या असणाऱ्या लहान ग्रामीण मंडळांचा एक मार्ग त्यामुळे बंद झाला.

मुदतीची ही अडचण किती खरी आहे हे कातकरी कुटुंबांच्या उदाहरणावरून कळेल. यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव एका गावच्या अंगणवाडीच्या पटावर आणि मूल दुसऱ्या गावच्या भट्टीवर, अशी स्थिती वर्षातील निम्मा काळ राहते. आहाराचा हक्क कागदावर शाबूत असतो, पण तो बजावता येत नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर चालविलेल्या भोंगाशाळांनी या प्रश्नावर एक मार्ग दाखविला : मुलांमागोमाग शाळेनेही स्थलांतर करावयाचे. असे काम आर्थिक वर्षाच्या चौकटीत बसत नाही. कारण मार्च अखेरीस हिशेब मिटतो तेव्हा भट्टीचा हंगाम ऐन भरात असतो. शिलाई यंत्रे वाटणे, दप्तरे देणे, एक दिवसाचे आरोग्य शिबिर घेणे ही कामे मात्र त्या चौकटीत सहज बसतात, आणि म्हणून तीच पुनःपुन्हा होत राहतात.

अनुदान आणि हक्क यांची गल्लत किती महाग पडते याचेही दुःखद उदाहरण तालुक्यात आहे. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यास आग लागली. मृत्यू पावलेल्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. स्त्रियांना रोजगार मिळावा म्हणून कितीही प्रशिक्षणवर्ग चालविले, तरी कामाच्या जागी सुरक्षिततेचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे आणि सुरक्षितता हा कामगाराचा हक्क आहे. तो कोणत्याही कल्याणनिधीने भरून निघत नाही. मुळशी धरणाविषयीही हेच म्हणावे लागेल. जलाशयाच्या काठच्या गावांत आज जे कल्याणकार्य होईल ते स्वागतार्हच आहे. परंतु त्याला विस्थापनाच्या जुन्या देण्याची फेड मानणे तर्काला धरून होणार नाही, कारण ते देणे हक्काचे होते आणि हे देणे स्वेच्छेचे किंवा कंपनीच्या नफ्याच्या प्रमाणातले आहे.

तेव्हा अनुदानाचे मूल्यमापन करताना लाभार्थींची संख्या व खर्ची पडलेली रक्कम एवढ्यावर अभ्यासकांनी थांबू नये. पहिला प्रश्न असा की, मोबदला, योजना आणि हक्क यांच्या नजरेतून सुटलेले माणूस या अनुदानाला दिसले काय? दुसरा असा की, आधीच मिळालेला हक्क बजावण्यास त्याने मदत केली, की त्या हक्काची जागाच अडविली? वाडीतील अंगणवाडी बंद असताना तिच्याशेजारी देणगीदाराच्या नावाची बालवाडी उघडणे आणि बंद अंगणवाडी सुरू करून घेण्यासाठी मातांना संघटित करणे, या दोन्हींचा खर्च कदाचित सारखाच येईल. परिणाम मात्र निराळा होईल. तिसरा प्रश्न मुदतीनंतरचा : निधी थांबल्यावर गावाच्या हाती काय उरले? नियमित चालणारा बचत गट, ग्रामसभेत बोलणाऱ्या स्त्रिया, तालुक्याच्या कचेरीत अर्ज लिहून पाठपुरावा करणारी एखादी शिकलेली मुलगी, यांपैकी काही मागे उरले असेल तर त्या वाडीला पुढच्या देणाऱ्याची वाट पाहत बसावे लागणार नाही.