बरा झालास, पण फाईल कुठेय?

आजचं रेकॉर्डिंग आंजर्ल्यातून, आमच्या पडवीतून. मध्येच कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

मी सात वर्षांचा असताना मला ब्लड कॅन्सर झाला होता. एएलएल, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर. अडीच वर्षं मुंबईच्या फेऱ्या, मणक्यातली इंजेक्शनं, मग नुसत्या गोळ्या. बरा झालो. गावात मात्र 'टायफॉईडने केस गेले' एवढंच सांगितलं होतं. आईने फाईल कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

गेल्या वर्षी हेल्थ चेकअपला डॉक्टरांनी विचारलं, "केमोमध्ये डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन होतं का? एकूण किती?" मला शून्य माहिती! दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिमचे लॉग तपासणारा माणूस मी, आणि माझाच लॉग माझ्याकडे नाही.

हा प्रश्न का, तर ही औषधं कॅन्सरच्या पेशी मारतात, पण हृदयाच्या स्नायूलाही त्रास देऊ शकतात. तो परिणाम कधीकधी दहा-वीस वर्षांनी दिसतो, आणि सुरुवातीला दम लागणं वगैरे काहीच जाणवत नाही. एकूण डोस २५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर धोका जास्त धरतात आणि साधारण दर दोन वर्षांनी टूडी एको करायला सांगतात. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर उंची, हार्मोन्स, लक्षात राहणं यांवर परिणाम होऊ शकतो. काही औषधांमुळे पुढे मूल होण्यात अडचण येते. सगळ्यांनाच हे होतं असं नाही हां, पण तुम्हाला काय दिलं होतं ते माहीत नसेल तर काय तपासायचं हेही कळत नाही.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्येच यासाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं. नाव 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट', थोडक्यात एसीटी. तिथे तपासण्यांबरोबर शिक्षण, नोकरी, मनातली भीती हेही विचारतात. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीबरोबर बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट उभा राहिला.

आता 'क्वालिटी ऑफ लाइफ' मोजतात कशी? पेड्सक्यूएल नावाची २३ प्रश्नांची प्रश्नावली आहे. शरीर, मन, मित्र, शाळा असे तिचे चार भाग. मी सहज स्वतःला मार्क दिले. शरीराला छान मिळाले. मित्रांपाशी अडकलो. वीस वर्षांत एकाही मित्राला सांगितलं नव्हतं, मग काय मार्क देणार?

गेल्या आठवड्यात फाईल खाली काढली. अर्धी वाळवीने खाल्लीय. औषधांची नावं आणि डोस लिहिलेलं पान मात्र शाबूत आहे, नशीब! तुमची किंवा भावंडाची अशी ट्रीटमेंट झाली असेल तर हॉस्पिटलकडून समरी मागून घ्या. औषधं, एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती. फोटो काढून मेलवर ठेवा. माळ्यावर नको.

हा एपिसोड टाकू का, असं आईला विचारलं. "काकूला कळेल रे," म्हणाली. "लग्नाचं बघतोय आपण."

मग बराच वेळ तांदूळ निवडत बसली. उठताना म्हणाली, "टाक."