गुळवेल व रस शोषण करणारा पतंग : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

पतंगवर्गीय कीटकांपासून पिकांचे जे नुकसान होते, ते बहुधा त्यांच्या अळ्यांकडून होते. प्रौढ पतंग फुलांतील मधावर निर्वाह करतो, किंवा काहीच न खाता अंडी घालून मरतो. युडोसिमा या प्रजातीतील पतंग मात्र या नियमास ठळक अपवाद आहेत. त्यांची अळी फळांना स्पर्शही करीत नाही. फळाचा नाश करतो तो प्रौढ पतंग. अळीचे घर एकीकडे व पतंगाचे भक्ष्य दुसरीकडे, अशी ही स्थिती असल्यामुळे या किडीचा विचार केवळ फळबागेच्या कुंपणाआत राहून करता येत नाही. जेथे अरण्य व शेती एकमेकांत गुंतलेली आहेत, अशा गोंदियासारख्या जिल्ह्यात तर या गोष्टीस विशेष महत्त्व प्राप्त होते.

ओळख

विदर्भात या पतंगांच्या प्रामुख्याने युडोसिमा फॅलोनिआ, युडोसिमा मॅटर्ना व युडोसिमा होमीना या तीन जाती आढळतात. जुन्या ग्रंथांत यांपैकी पहिली ऑथ्रेइस फुलोनिआ या नावाने आढळते. पूर्वी नॉक्ट्युइडी कुलात गणल्या जाणाऱ्या या पतंगांचा समावेश आता एरेबिडी कुलात केला जातो. फॅलोनिआचा पंखविस्तार सुमारे ८ ते १० सेंटीमीटर असतो. पुढचे पंख वाळलेल्या पानासारखे तपकिरी असल्याने दिवसा पाचोळ्यात बसलेला पतंग दृष्टीस पडत नाही. मागचे पंख नारिंगी-पिवळे असून त्यांवर काळा वक्र ठिपका व काळी किनार असते. मॅटर्नाच्या मागच्या पंखावर मध्यभागी गोल काळा ठिपका असतो. यावरून या दोन जाती सहज वेगळ्या ओळखता येतात.

सोंडेची रचना व फळांचे नुकसान

सामान्य पतंगाची सोंड मऊ व नळीसारखी असते. युडोसिमाची सोंड कठीण असून तिच्या टोकाशी तीक्ष्ण काटे व आकड्यांसारखे उंचवटे असतात. सोंडेचे दोन अर्धभाग आळीपाळीने पुढेमागे सरकतात. त्यामुळे ती गिरमिटाप्रमाणे सालीत शिरते व संत्र्याची जाड सालही भेदते. नर व मादी दोघेही रस शोषतात. याच उपकुलातील कॅलिप्ट्रा प्रजातीचा एक पतंग सस्तन प्राण्यांची त्वचा भेदून रक्त शोषतो, असे हान्स बेन्झिगर यांनी मलायातील निरीक्षणांवरून १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. फळ भेदणाऱ्या सोंडेतूनच ही सवय उत्क्रांत झाली असावी, असा तर्क केला जातो.

फळावर प्रथम टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते. त्याभोवतीचा भाग मऊ पडतो, छिद्रातून बुरशी व जंतू आत शिरतात, आणि काही दिवसांत फळ सडून गळते. एकदा छिद्र पडले की ज्यांना स्वतः साल भेदता येत नाही असे अन्य पतंगही तेथे जमतात. एरंडीवरील उंटअळीचा पतंग, अकिया जनाटा, हा त्यांपैकीच होय. म्हणून रात्री फळावर बसलेला प्रत्येक पतंग मूळ अपराधी समजणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे ठरते. नुकसानीची नोंद घेताना प्रथम छिद्र पाडणारे व मागाहून येणारे असा भेद करणे अगत्याचे आहे.

जीवनक्रम व गुळवेल

मादी आपली अंडी मुख्यतः गुळवेलीच्या कुलातील वेलींवर घालते. गुळवेल, वासनवेल व पहाडवेल या तिन्ही याच कुलातील होत. गुळवेलीतील कडू द्रव्यांमुळे बहुतेक कीटक तिच्यापासून दूर राहतात. या अळीस मात्र तीच मानवते. अळी गडद रंगाची असून तिच्या दोन्ही बाजूंस डोळ्यांसारखी दोन वर्तुळे असतात. डिवचल्यास ती डोके आत दुमडून शरीराचा मागचा भाग उंच करते, तेव्हा ही वर्तुळे भक्षकास बिचकवितात. पूर्ण वाढ झाल्यावर ती पाने एकत्र विणून त्यांत कोश करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा क्रम अनुकूल हवामानात सुमारे एका महिन्यात पुरा होतो.

पतंगाच्या उपद्रवाचा हंगाम या वेलीच्या ऋतुचक्राशी निगडित आहे. उन्हाळ्यात गुळवेल निष्पर्ण होते. मृगाच्या पावसानंतर तिला नवी पालवी फुटते व अळ्यांना मुबलक अन्न मिळते. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात पतंगांची संख्या वाढते. नेमक्या त्याच सुमारास संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे पक्वतेकडे झुकलेली असतात. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातील आंबिया बहारास ही कीड नडते, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीस येणारा मृग बहार बहुतांशी वाचतो, याचे कारण हेच.

गोंदिया जिल्ह्याची स्थिती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया हा प्रामुख्याने धानाचा व तलावांचा जिल्हा होय. देवरी, सालेकसा व अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांत जंगल गावाच्या शिवेपर्यंत येऊन भिडते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला. बांध्यांच्या धुऱ्यांवरील झाडे, बोड्यांचे काठ व परसातील कडुनिंब या सर्व ठिकाणी गुळवेल वाढू शकते. म्हणजे येथील परसातल्या पेरूच्या वा लिंबूवर्गीय झाडाच्या दृष्टीने पतंगाचे जन्मस्थान दूर नाही. ते धुऱ्यावरच आहे.

उपाय व त्यांच्या मर्यादा

फळावर कीटकनाशक फवारून विशेष लाभ होत नाही. पतंग रात्री बाहेरून येतो, रस शोषतो व निघून जातो. विषाचा अंश मात्र फळावर मागे राहतो. म्हणून फळांना पिशव्या घालणे, गळालेली फळे गोळा करून पुरणे, सायंकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करणे, गूळ व फळांच्या रसात कीटकनाशक मिसळून आमिष ठेवणे, हे उपाय सुचविले जातात. जपानमधील फळबागांत रात्रभर पिवळे दिवे लावून पतंगांना निष्क्रिय ठेवण्याची पद्धत आहे.

याखेरीज बागेभोवतालची गुळवेल उपटून टाकावी, अशीही शिफारस केली जाते. उघड्या मैदानी प्रदेशात, जेथे वेल कुंपणापुरतीच असते, तेथे तीस अर्थ आहे. गोंदियात मात्र ती तीन कारणांनी अपुरी पडते. एक तर पतंग बळकट उडणारा असल्याने शेजारच्या अरण्यातून तो सहज येऊ शकतो. दुसरे, गुळवेलीचे खोड तोडले तरी वरचा भाग मरत नाही. तो दोऱ्यासारखी हवाई मुळे सोडून पुन्हा जमिनीशी जोडला जातो. तिसरे म्हणजे, ज्या सूक्ष्म गांधीलमाश्या पतंगाच्या अंड्यांवर उपजीविका करतात, त्यांना ती अंडी सापडतात ती याच वेलीवर. पॅसिफिक बेटांवर या पतंगाची अळी पांगाऱ्यावर वाढते. तेथे सामोआ व टोंगा येथे पांगारा नष्ट न करता पापुआ न्यू गिनीतून अशा गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

शिवाय गुळवेल ही निव्वळ तण नव्हे. आयुर्वेदात अमृता व गुडूची या नावांनी गौरविलेल्या या वेलीची मागणी २०२० च्या महासाथीत अतिशय वाढली, आणि वनोपज गोळा करणाऱ्या कुटुंबांना तिचे मोल आहे. बागाईतदाराचे फळ वाचविण्यासाठी वनवासी कुटुंबाची वेल तोडावयाची, हा व्यवहार दोघांच्याही हिताचा नाही.

यास्तव या जिल्ह्यात अभ्यासाचे एकक बाग नसून बाग, धुरा व अरण्य मिळून होणारा परिसर हे असावयास हवे. जून ते नोव्हेंबर या काळात ठरावीक वेलींवरील अंडी व अळ्यांची मोजणी, अंड्यांतून निघणाऱ्या गांधीलमाश्यांची नोंद, आणि त्याच परिसरातील फळांवरील छिद्रांची गणना या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या, तर वेल कोठे तोडावी व कोठे राखावी, याचे उत्तर अनुमानाने न देता प्रमाणाने देता येईल.