विहारात चटया अंथरा!

ज्युदो म्हटले की आमच्या लोकांना मारामारी आठवते, नाहीतर सिनेमा. पोरीने नाव काढले की आई म्हणते, हातपाय मोडून घेशील. बाप म्हणतो, आधी दहावी बघ. आमचे म्हणणे मात्र असे आहे की अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनपासून महाडपर्यंत वाड्यावस्त्यांतून जे विहार उभे आहेत, त्यांच्या सभागृहात रोज संध्याकाळी ज्युदोच्या चटया पडल्या पाहिजेत. विहारात दंगामस्ती कशाला, असे कोणी विचारील. पण बांधवांनो, ज्युदो जन्मला तोच बुद्धाच्या मंदिरात!

1882 साली तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात जिगोरो कानो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने अवघ्या बारा चटयांवर आपली शाळा सुरू केली. अंगाने किरकोळ म्हणून शाळेत दांडगी पोरे त्याला छळत. त्यातून तो जुनी जुजुत्सू शिकला, तिच्यातले जीवघेणे डाव बाजूला काढले आणि ज्युदो उभा केला. पेशाने तो मास्तर. आपली शक्ती योग्य जागी वापरा, आणि स्वतःबरोबर दुसऱ्याचेही भले साधा, ही त्याची दोन सूत्रे. शिकण्याच्या जागेला जपानी लोक ‘डोजो’ म्हणतात. हा शब्द मुळात ‘बोधिमंड’ या आपल्या शब्दाचा चिनी अनुवाद. सिद्धार्थ ज्या पिंपळाखाली बुद्ध झाला ती जागा म्हणजे बोधिमंड. आपलाच शब्द चीन-जपान फिरून परत दाराशी आला आहे आणि आम्ही त्याला ओळखत नाही.

डोजोत गेल्यावर पहिला धडा मिळतो तो पडण्याचा. हनुवटी छातीला लावायची, डोके जमिनीला लागू द्यायचे नाही, हाताने चटईवर थाप मारून पडण्याचा जोर जिरवायचा. पुढे, मागे, बाजूला, शेकडो वेळा हेच. पोरे कंटाळतात. पण जो पडायला शिकला नाही त्याला पाडायला शिकवत नाहीत. झाडू सगळ्यांच्या हातात असतो. अमक्याने झाडायचे आणि तमक्याने खेळायचे, असली वाटणी तिथे नाही.

वाकण्याबद्दल आमच्या काही कार्यकर्त्यांची हरकत असते. बाबासाहेबांनी ताठ मानेने जगायला शिकवले, आता पुन्हा वाकायचे? पण जोहार आणि हे वाकणे यांत फरक आहे. जोहार एकानेच घालायचा असे. डोजोत दोघेही एकमेकांना वाकतात, पांढरा पट्टावाला काळ्या पट्ट्याला आणि काळा पांढऱ्याला.

आणि सर्वांत मोठी गोष्ट स्पर्शाची. समोरच्याची कॉलर आणि बाही मुठीत धरल्याशिवाय ज्युदोचा एकही डाव होत नाही. त्याचा घाम तुमच्या अंगाला, तुमचा त्याच्या. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार याने भारताला ज्युदोतले पहिले पदक मिळवून दिले, त्या दृष्टिबाधितांच्या लढतीत तर एकमेकांना धरूनच सुरुवात होते. ज्या जिल्ह्यात आमच्या ओंजळीच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून त्यात पंचगव्याचे घडे ओतले गेले, त्या जिल्ह्यात सर्व जातींच्या पोरांनी एकमेकांची कॉलर धरून तालीम करावी, यापेक्षा मोठे शुद्धीकरण कोणते?

20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर आमच्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्यांच्यात पलटणीतून निवृत्त झालेले सैनिक होते. मनगटात जोर नव्हता असे नाही. बाबासाहेबांच्या एका शब्दाची खोटी होती. तो शब्द त्यांनी दिला नाही, आणि लोकांनी हात आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना कोर्टात शिक्षा झाल्या. त्याच डिसेंबरात बोटीने हरिहरेश्वरमार्गे दासगावला उतरून लोक शिस्तीत चालत महाडला गेले. ज्याला मारता येते त्याने हात आवरला तर तो संयम. ज्याला येतच नाही त्याच्या गप्प बसण्याला लोक भेकडपणा म्हणतात. आमच्या पोरापोरींना हा फरक अंगाने कळायला हवा. विशेषतः पोरींना. कॉलेजच्या एस.टी.त त्यांना काय सोसावे लागते ते त्या घरी सांगत नाहीत, कारण सांगितले तर शिक्षणच बंद होईल. रवींद्रनाथांनी 1929 साली जपानहून ताकागाकी यांना शांतिनिकेतनात बोलावले, तेव्हा मुलीही ज्युदो शिकल्या. आम्ही अजून विचारच करीत आहोत.

खर्चाचे विचाराल, तर चटया स्वस्त नाहीत. सतरंजीवर भागवू नका, मानेला इजा होते. रीतसर पट्टा मिळवलेला प्रशिक्षक हवा. पुस्तक वाचून शिकवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मुली असतील तिथे बाई प्रशिक्षक शोधा, नसेल तर महिला मंडळाच्या दोघी रोज हजर ठेवा. पैसा? 14 एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब काढून बघा. डीजेच्या भिंतींवर एका रात्रीत किती उडाले, तो आकडा मंडळाच्या वहीत लिहिलेला आहे.