उसाची भाऊबंदकी आणि तोडीची चिठ्ठी



सुरू लागणीच्या बेण्यासाठी गट कार्यालयात बैठक होती. चर्चा नेहमीचीच, 86032 घ्यायचा की 265. तेवढ्यात मागे बसलेले एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, जात बदलली म्हंजे नुसता नंबरच बदलतोय, का आत खरंच काय येगळं असतंय?" लोक हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून हा लेख.

को 86032 हा को 62198 आणि कोसी 671 यांच्या संकरातून आला. कोसी 671 चा बाप को 775. आता उत्तर प्रदेशाकडे पाहा. तिकडे 2009 साली को 0238 ही जात प्रसारित झाली. उतारा वाढला, कारखाने खूष, शेतकरी खूष, आणि पुढे तिथले 80 टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्या एकाच जातीखाली गेले. मग लालकूज शिरली आणि उभे फड वाळले. या 0238 चा बापही को 775 च. म्हणजे जो त्यांच्या उसाचा बाप, तोच आपल्या उसाचा आजा. म्हणून कोणी घाबरून 86032 मोडू नये. एका घरातल्या सगळ्यांना एकच दुखणे येते असे नाही. पण नंबर वेगळे आणि गोत्र एक, हे ध्यानात असावे.

कोईमतूरचे ऊस पैदास केंद्र 1912 साली निघाले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा संकर नदीकाठच्या पांढऱ्या तुऱ्याच्या रानटी उसाशी केला आणि त्यातून को 205 आला. आज आपल्या फडातल्या उसात साधारण 10 ते 15 टक्के अंश या रानगवताचा आहे. काटकपणा आणि खोडव्याची फूट ही त्याचीच देणगी. मात्र संकरासाठी रानटी झाडे मोजकीच वापरली गेली. बाकीचा वाण अजून बाहेरच आहे. त्यात काय दडले आहे, हे ओळखायचे कसे?

नुसते पेर, डोळा आणि पाचट पाहून फसगत होते. उसाचे सगळे गुण त्याच्या गुणसूत्रांत लिहिलेले असतात खरे, पण ज्वारीला गुणसूत्रे 20, आणि आपल्या उसाला शंभराच्या वर. एका आधुनिक जातीचे असे पूर्ण बाड वाचून व्हायला 2024 साल उजाडले. त्याआधी शास्त्रज्ञांनी एक आडवाट काढली होती.

शेतकी ऑफिसात सगळ्या लागणीच्या नोंदींची रजिस्टरे कपाटात असतात. पण आज कोणाचा ऊस तुटणार, हे टोळीच्या हातातल्या चिठ्ठीवरून कळते. झाडातही तसेच. ज्या जनुकाचे काम त्या घडीला चालू, त्याचीच चिठ्ठी निघते. मूळ, पान, कोंब, तुरा, जिथली तिथली चिठ्ठी वेगळी. या चिठ्ठ्या फार नाशवंत, म्हणून त्यांची टिकाऊ डीएनए नक्कल करून तिचा थोडा तुकडा वाचतात. ब्राझीलमध्ये असे सुमारे 2,38,000 तुकडे वाचले. ते काम 2003 साली छापून आले. एकाच जनुकाचे तुकडे एकत्र लावल्यावर गट पडले सुमारे 43,000.

या तुकड्यांत कुठे कुठे दोन-तीन अक्षरे परत परत येतात. एकात आठ वेळा, दुसऱ्यात अकरा वेळा. ती मोजली की नाते जवळचे की लांबचे ते समजते. कामाच्या जनुकात पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदल होत नाही, त्यामुळे उसावरून काढलेली खूण ज्वारीत आणि एरियान्थस नावाच्या रानगवतातही सापडते. ऑस्ट्रेलियात 2001 साली हेच दिसले. पण गंमत अशी, की उसाच्या दोन लागवडीच्या जातींत या खुणांनी फरक थोडाच दाखवला आणि लांबच्या नातलगांत जास्त. म्हणजे 86032 आणि 265 यांचा वाद मिटवायला हे हत्यार बोथट, पण नवे रक्त हुडकायला कामाचे. ऊस आणि एरियान्थस यांच्या संकराची म्हणून वाढवलेली काही रोपे खुणा तपासल्यावर निव्वळ उसाचीच निघाली आहेत. नाहीतर अशा रोपांवर वर्षेच्या वर्षे फुकट जातात.

हे सगळे आम्ही त्या सभासदांना बांधावर बसून सांगितले. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतले आणि विचारले, "पर ज्या फडाची चिठ्ठीच निघाली न्हाई, त्यो तुमाला कसा दिसायचा?"

नेमके हेच या पद्धतीचे उणे. लालकूज आली तरच जागे होणारे जनुक निरोगी उसात गप्प बसते. म्हणून वेगवेगळ्या अवस्थांतल्या उसाच्या चिठ्ठ्या गोळा कराव्या लागतात. आपण बेण्याला ॲसिटोबॅक्टर लावतो ना? ब्राझीलवाल्यांनी तसले जिवाणू दिलेल्या रोपांच्याही चिठ्ठ्या घेतल्या.

त्यांनी मान हलवली. यंदा त्यांच्या दोन एकरांपैकी अर्ध्या एकरात 265 आहे, बाकी 86032. बेणे त्रिस्तर मळ्यातले नेले आहे, आणि दोन्हींच्या मध्ये एक सरी मोकळी सोडली आहे.