वाळवंटातला बैल आणि कुडलची तुळई

आजचा विषय अक्षरं. सुरुवात इजिप्तमधून करू, शेवट आपल्या सोलापूर जिल्ह्यातच होणार आहे.

इजिप्तमध्ये लक्सरच्या बाजूने वाळवंटात शिरणारी एक जुनी वाट आहे. तिच्यावर वादी अल-होल नावाची जागा लागते. नावाचा अर्थ साधारण 'भयाची दरी'. तिथल्या चुनखडीच्या कड्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी शेकडो वर्षं काहीबाही कोरून ठेवलंय. आपल्याकडे किल्ल्यांवर बदाम कोरतात ना, तीच खोड. १९९० च्या दशकात जॉन आणि डेबोरा डार्नेल या जोडप्याला तिथे दोन छोटे लेख सापडले, एकात १६ चिन्हं, दुसऱ्यात १२. काळ इसवी सनपूर्व १८५० च्या आसपासचा. चिन्हं दिसतात इजिप्शियन, पण इजिप्शियन म्हणून वाचायला गेलं तर अर्थच लागत नाही.

कारण भाषा वेगळी. हिब्रू-अरबीच्या कुळातली भाषा बोलणारे लोक तेव्हा इजिप्तमध्ये शिपाई, मजूर म्हणून कामाला असायचे. तिथल्याच एका इजिप्शियन लेखात अशा परक्या लोकांवरच्या सेनापतीचा उल्लेख आहे. इजिप्तची लिपी म्हणजे शेकडो चिन्हं. काही शब्दाची, काही आवाजाची, काही नुसती अर्थ सुचवणारी. ती शिकण्यात लेखनिकांची वर्षं जायची. शिपायाला कुठला एवढा वेळ?

मग काढलेली युक्ती बघा. घराचं चित्र काढायचं. आपल्या भाषेत घराला 'बैत' म्हणतात, तर त्यातला फक्त पहिला आवाज घ्यायचा: ब. पाण्याची लाट काढली की म. बैलाचं डोकं काढलं की 'आल्प'चा पहिला आवाज. अंकलिपीत 'घ घराचा' असतं, अगदी तेच, फक्त इथे घराचं चित्र हेच अक्षर. तीसच्या आत चिन्हं, आणि जे बोलता येतं ते सगळं लिहिता येतं! कोड लिहिणारा माणूस म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. एवढी अवाढव्य सिस्टिम समोर असताना तिच्यातला बारीकसा तुकडा उचलला आणि बाकी सगळं सोडून दिलं.

ती चित्रं पुढे फिनिशियन, ग्रीक, रोमन हातांतून फिरत झिजली. इंग्रजी 'ए' उलटा धरा, बैलाची शिंगं दिसतील. व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांत 'काय करतोय' टाईप करताना तुम्ही दोनदा तोच बैल दाबता.

आपल्या बाजूचं काय? त्याच घराण्यातल्या अरामी लिपीवरून ब्राह्मी घडली असं बरेच अभ्यासक मानतात, काहींना ते मान्य नाही. ते काही असो, त्या जुन्या लेखांत स्वर लिहायची सोय नव्हती. काना, मात्रा, वेलांटी ही ब्राह्मीची कमाई. आणि ब्राह्मीतूनच पुढे नागरी आली.

आता कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. लोक तिथे शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग बघायला जातात आणि संगमेश्वर मंदिरातल्या तुळईकडे न बघताच परत येतात. त्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. आपण शाळेत श्रवणबेळगोळचं 'करवियलें' पाठ केलं. अक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणून तोच पहिला, असंही काही जण म्हणतात, पण त्याच्या काळावर वाद आहे. मला त्या शर्यतीपेक्षा कुडलचा मजकूर जास्त आवडतो.

तेव्हा हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा. दगडावर चालायची ती कन्नड आणि संस्कृत. कुडलच्या लेखाची सुरुवातही संस्कृत वळणाची आहे. मराठी येते ती एकदम शेवटी: 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचेल तो विजयी होईल. करवून घेणाऱ्या राजाचं कौतुक नाही, बोलणं थेट वाचणाऱ्याशी. बाकीचा औपचारिक मजकूर लिहून झाला आणि मग समोरच्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं, तेव्हा कोरणाऱ्याने त्याची भाषा घेतली, असं मला वाटतं.

वादी अल-होलच्या दोन ओळींचं सगळ्यांना मान्य होईल असं वाचन अजून झालेलं नाही. कुडलची शेवटची ओळ मात्र हजार वर्षांनीही आपल्याला कळते. 'वाछि'पाशी जरा अडखळायला होतं, तेवढंच.