हुकमी खेळाडू : ठेवावा की द्यावा?

शंकरपटात पहिला येणारा बैल ज्याच्या दावणीला आहे, त्याला कोणी म्हणाले, "हा मला द्या, बदल्यात दोन चांगले बैल घ्या," तर तो लगेच होकार देईल का? नाही देणार. दोन चांगले मिळून एक उत्तम होतोच असे नाही, हे त्याला ठाऊक असते. पण बैल उतरणीला लागला असेल, तर मात्र तो विचारात पडेल. अमेरिकेतील बास्केटबॉल संघांपुढे असाच प्रश्न वारंवार येतो. त्याचे उत्तर ते कसे शोधतात, ते आज पाहू या.

आपल्याकडे प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो, हे आपण ऐकले असेलच. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेत मात्र अदलाबदलीची रीत आहे. खेळाडूचा करार एक संघ दुसऱ्या संघाच्या हवाली करू शकतो, आणि बहुतेक वेळा त्याला खेळाडूची संमतीही लागत नाही. संघाच्या एकूण पगारखर्चावर बंधने असल्यामुळे नुसता पैसा ओतून मोठा खेळाडू आणता येत नाही. काही घ्यायचे तर काही द्यावे लागते. शिवाय मैदानावर एका बाजूचे पाचच जण असतात. क्रिकेटच्या अकरांत एकाची उणीव झाकली जाते, पाचांत ती लगेच उघडी पडते. म्हणून हुकमी खेळाडू देणे ही मोठी जोखीम असते.

पहिले उदाहरण मिलवॉकीचे. करीम अब्दुल-जब्बार हा अत्यंत उंच आणि कुशल खेळाडू. त्याच्या बळावर या संघाने १९७१ साली अजिंक्यपद मिळवले. पुढे त्याचे मन त्या शहरात रमेना, आणि त्याने दुसरीकडे जाऊ देण्याची मागणी केली. जून १९७५ मध्ये संघाने त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला दिले आणि चार खेळाडू घेतले. करीमने लेकर्सबरोबर आणखी पाच अजिंक्यपदे मिळवली. मिलवॉकीला मात्र पुढचे अजिंक्यपद थेट २०२१ साली मिळाले. मग संघाचे चुकले का? तसे म्हणता येत नाही. ज्याचे मन उडाले आहे, त्याला बांधून ठेवून खेळ रंगत नाही. आलेल्या चौघांपैकी ब्रायन विंटर्स आणि ज्युनिअर ब्रिजमन यांनी अशी सेवा केली की, त्यांच्या पोशाखाचे क्रमांक मिलवॉकीने सन्मानाने राखून ठेवले आहेत.

दुसरे उदाहरण कॅनडातील टोरांटोचे. डमार डरोझन तेथे नऊ हंगाम खेळला आणि त्या शहरावर त्याचा जीव जडला. २०१७-१८ मध्ये संघाने ८२ पैकी ५९ सामने जिंकले; पण २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे क्लीव्हलंडने त्यांची वाट अडवली. गाडी एका ठिकाणी येऊन थांबत होती. तेव्हा जुलै २०१८ मध्ये टोरांटोने डरोझनला सॅन अँटोनिओला देऊन कवाय लेनर्डला आणले. लेनर्ड दुखापतीमुळे आदल्या हंगामात फक्त नऊ सामने खेळला होता, आणि पुढे तो टोरांटोत राहील याची शाश्वती नव्हती. तरीही २०१९ साली टोरांटो अजिंक्य ठरला! त्याच उन्हाळ्यात लेनर्ड निघूनही गेला.

हिशेबाने पाहिले तर हा सौदा म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणे. पण बैलाची उपमा इथे अपुरी पडते. बैलाला कोणी विचारीत नाही. माणसाला विचारायला हवे. आपण इथेच राहणार, अशी डरोझनची समजूत होती, आणि त्याने आपले दुःख उघडपणे बोलून दाखवले. संघाच्या प्रमुखांनाही मग दिलगिरी व्यक्त करावी लागली.

तिसरे उदाहरण डॅलसचे. स्लोव्हेनियाचा लुका डॉन्सिच तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. २०२४ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. जाण्याची मागणी त्याने केली नव्हती. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाने त्याला लेकर्सला देऊन मुख्यतः एकतीस वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. प्रेक्षक संतापले, आणि नोव्हेंबरमध्ये व्यवस्थापकाचे पद गेले.

यावरून उत्तर काय निघते? खेळाडूचे मन उडाले असेल, किंवा संघ वर्षानुवर्षे एकाच पायरीवर अडला असेल, तर सौदा करावा. खेळाडू तरुण असेल, राहायला राजी असेल आणि संघ चढतीला असेल, तर हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आणि सौदा करायचाच झाला, तर त्याची बातमी खेळाडूला आपल्याच तोंडून आधी सांगावी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या संघात देवघेव नसते. पण एकाच मुलावर सारा भार टाकण्याची सवय आपल्याकडेही असते. तो मुलगा दहावी होऊन गेला की संघ मोडतो. तेव्हा तो शाळेत आहे तोवरच त्याच्या जोडीला आणखी चार जण तयार करा. ते काम त्या मुलाकडेच सोपवले, तर तो ते आनंदाने करील.